जामीन कोण राहतंय? ख्रिस्ती श्रद्धा, कर्ज आणि पतपेढीची पार्श्वभूमी

आमच्या वसईकडे घरात कर्जाची गोष्ट निघाली की व्याजाचा दर नंतर विचारतात. आधी विचारतात, ‘जामीन कोण राहतंय?’ माझ्या आजोळी रविवारची मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, आटोपून आजोबा घरी आले की कुणी ना कुणी ओटीवर येऊन बसायचं. कुणाचं विहिरीवरचं इंजिन बसलेलं असायचं, कुणाच्या मुलीचं लग्न ठरलेलं, कुणाची केळीची बाग वाऱ्यानं आडवी झालेली. आजोबा चष्मा लावून पतपेढीचा फॉर्म पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचायचे, दोन-तीन प्रश्न विचारायचे आणि सही करायचे. त्या सहीला धर्माशी काही देणंघेणं असेल असं तेव्हा माझ्या मनातही आलं नव्हतं. पुढे वाचत गेलो तेव्हा कळलं की तिच्यामागे बराच मोठा प्रवास आहे, आणि त्यातला एक टप्पा जर्मनीतल्या एका खेड्यातला आहे.

अडचणीच्या काळात ख्रिस्ती माणसानं काय करावं, याचं उत्तर आपल्याकडे बहुधा दोन शब्दांत मिळतं: प्रार्थना कर, धीर धर. बायबल त्याहून पुष्कळ व्यवहारी आहे. गरिबाला उसने दिलेस तर त्याच्याकडून व्याज घेऊ नकोस, असं निर्गम आणि लेवीय या पुस्तकांत सांगितलं आहे. अनुवादाच्या पुस्तकात तर जातं गहाण घेण्याचीच मनाई आहे, अगदी जात्याची वरची तळीसुद्धा. ज्यानं हे लिहिलं त्यानं कर्जदाराचं घर आतून पाहिलं असणार. वरची तळी उचलून नेली की त्या घरात उद्या सकाळी पीठ पडणार नाही, आणि जो जेवणार नाही तो कर्ज तरी कशातून फेडणार?

नहेम्याच्या पुस्तकातला पाचवा अध्याय तर मला दरवेळी आपल्या दख्खनचा वाटतो. दुष्काळ पडलेला आहे. लोक धान्यासाठी शेतं, द्राक्षमळे, घरं गहाण टाकतायत. राजाचा सारा भरायला कर्ज काढतायत. पोटची मुलं दास म्हणून द्यायची वेळ आली आहे, आणि देणारे-घेणारे दोघंही एकाच समाजाचे. नहेम्या सावकारांना सहनशीलतेवर प्रवचन देत नाही. तो सभा बोलावतो, शेतं-घरं परत करायला लावतो, घेतलेलं व्याज सोडायला लावतो आणि याजकांसमोर शपथ घ्यायला लावतो.

राजांच्या दुसऱ्या पुस्तकातली विधवेची गोष्ट रविवारशाळेत सगळ्यांनी ऐकलेली असते. नवरा गेला, सावकार दोन मुलं न्यायला आलाय. अलीशा हा संदेष्टा तिला विचारतो, घरात काय आहे? एक तेलाची कुपी, बाकी काही नाही. मग तो तिला शेजाऱ्यांकडून रिकामी भांडी मागून आणायला सांगतो, थोडीथोडकी नव्हेत. चमत्काराबद्दल सगळेच बोलतात, मला मात्र ती भांडी महत्त्वाची वाटतात. शेजाऱ्यांनी भांडी दिली नसती तर तेल कशात भरलं असतं? आणि शेवटची आज्ञाही पाहावी: तेल वीक, देणं फेड, उरलं त्यात घर चालव. विक्री, परतफेड, शिल्लक, सगळा हिशेब त्या एका वाक्यात आहे.

नव्या करारात पौलानं यरुशलेमच्या गरीब बांधवांसाठी वर्गणी जमवली. दर आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येकानं आपापल्या मिळकतीप्रमाणे काही बाजूला काढून ठेवावं, असं तो करिंथकरांना लिहितो. पैसे पोचवताना तो एकटा जात नाही, मंडळ्यांनी निवडलेली माणसं सोबत घेतो. एवढ्या मोठ्या रकमेवरून आपल्याला कुणी दोष देऊ नये, असं कारणही तो स्पष्ट देतो.

मध्ययुगात चर्चनं व्याजाला पाप ठरवलं, पण गरज काही थांबली नाही. गरजू माणूस जाईल तिथे व्याज देतच होता. 1462 मध्ये इटलीतल्या पेरुजा गावात फ्रान्सिस्कन संन्याशांच्या पुढाकारानं गरिबांसाठी गहाणपेढी निघाली. वस्तू ठेवायची, थोडी रक्कम न्यायची, खर्च भागेल एवढंच व्याज. यावर धर्मपंडितांत पन्नासेक वर्षं वाद चालला. 1515 मध्ये चर्चच्या पाचव्या लॅटरन परिषदेच्या वेळी पोप दहावे लिओ यांनी अशा पेढ्यांना मान्यता दिली. या चळवळीची एक काळी बाजूही लपवता कामा नये. तिच्या प्रचारकांनी सावकारीविरुद्ध बोलता बोलता ज्यूंविरुद्ध द्वेष पेटवला, आणि त्याची किंमत निरपराध कुटुंबांनी मोजली.

आता ते जर्मन खेडं. फ्रीडरिश विल्हेल्म रायफायझन 1818 मध्ये हाम नावाच्या गावी जन्मला. घर मोठं, परिस्थिती बेताची. त्याच्या शिक्षणावर आणि श्रद्धेवर गावच्या प्रॉटेस्टंट पाळकाचा हात फिरला. सैन्यात गेला, पण डोळ्यांच्या दुखण्यामुळे ती वाट बंद झाली आणि तो सरकारी नोकरीत आला. 1845 मध्ये वायरबुश परिसराचा महापौर झाला. 1846-47 च्या हिवाळ्यात पीक बुडालं आणि उपासमार सुरू झाली. सरकारनं पीठ पाठवलं, अट घातली की रोख पैसे घेऊनच द्यायचं. रोख पैसे कुणाकडे होते? रायफायझननं अट बाजूला ठेवली आणि पीठ उधारीवर वाटलं. सधन लोकांकडून पैसे जमवून सामाईक भट्टी उभारली. तिथली भाकरी बाजारापेक्षा जवळजवळ निम्म्या दरात मिळू लागली आणि लोकांनी पुढे ती उधारी फेडली.

पुढच्या गावी, फ्लामर्सफेल्डला, प्रश्न गुरांचा होता. शेतकरी गुरं उधारीवर घ्यायचा, व्याजात बुडायचा आणि शेवटी गाय आणि जमीन दोन्ही जायची. 1849 मध्ये तिथल्या साठेक सधन लोकांनी एकत्र येऊन आपल्या मालमत्तेवर जामीनकी घेतली. संस्था गुरं विकत घ्यायची आणि शेतकऱ्याला पाच वर्षांच्या हप्त्यांवर द्यायची. रायफायझनच्या डोळ्यांसमोर मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायातलं वचन असायचं, या कनिष्ठांपैकी एकासाठी जे केलंत ते माझ्यासाठी केलंत. (ज्यूंविषयीचा त्या काळचा पूर्वग्रह त्याच्याही लिखाणात आहे. तो मोठा माणूस होता म्हणून हे झाकायचं कारण नाही.)

त्याचा खरा धडा मात्र अपयशातून आला. दान देणारे श्रीमंत काही वर्षांत थकले. ज्यांना कर्ज हवं होतं ते संस्थेचे सभासदच नव्हते, त्यामुळे संस्था त्यांना आपली वाटत नव्हती. केवळ परोपकारावर संस्था टिकेल ही आशा त्याला सोडावी लागली, आणि ती त्यानं सुखासुखी सोडली नाही. 1864 मध्ये हेडेसडोर्फ इथे उभी राहिलेली कर्जसंस्था वेगळ्या पायावर होती: कर्जदार हाच सभासद आणि सभासद हाच जामीन. एकाचं कर्ज बुडालं तर सगळे मिळून भरणार, तेही मर्यादेशिवाय. संस्था एका गावापुरती, म्हणजे सगळे एकमेकांना ओळखतात. कर्ज उत्पादक कामासाठी. संचालकांना पगार नाही. नफा वाटायचा नाही, गंगाजळीत टाकायचा.

बायबल वाचणारा माणूस इथे अडखळेल, आणि अडखळावंच. नीतिसूत्रांचं पुस्तक जामीन राहणाऱ्याला पुन्हा पुन्हा बजावतं की तू आपल्याच शब्दांच्या सापळ्यात सापडलास. मग सगळ्या गावानं एकमेकांना जामीन राहायचं, हे शहाणपणाचं कसं? माझ्या समजुतीप्रमाणे नीतिसूत्रांचा इशारा परक्यासाठी डोळे मिटून हातावर हात मारणाऱ्याला आहे. रायफायझननं डोळे उघडे ठेवायची सोय केली. गाव लहान ठेवलं, कर्ज कशाला हवं ते विचारलं, दिल्यावर ते त्याच कामाला लागलं का तेही पाहिलं. ‘क्रेडिट’ हा शब्द लॅटिन ‘क्रेडो’चा भाऊबंद आहे. क्रेडो म्हणजे मी विश्वास ठेवतो. आपल्या श्रद्धांगीकाराची सुरुवात लॅटिनमध्ये त्याच शब्दानं होते. ज्याच्याकडे गहाण ठेवायला जातंसुद्धा नाही, त्याला शेवटी तेवढाच शब्द तारतो.

हे सगळं भारतात पोचलं ते दुष्काळ आणि दंगलींच्या वाटेनं. 12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांच्या दुकानांवर चाल केली आणि कर्जरोखे जाळले. 1879 मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला. पण कायद्यानं जुन्या कर्जाला थोडी वेसण घातली, तरी पुढच्या हंगामाचं बियाणं कुठून आणायचं हा प्रश्न तसाच राहिला. मद्रास सरकारनं फ्रेडरिक निकल्सन या अधिकाऱ्याला युरोपातल्या शेतकी पेढ्यांचा अभ्यास करायला सांगितलं. त्याच्या भल्यामोठ्या अहवालाचं सार दोन शब्दांत सांगतात: ‘रायफायझन शोधा.’ 1904 मध्ये सहकारी पतसंस्थांचा पहिला कायदा आला, 1912 मध्ये तो व्यापक झाला.

याच सुमाराला चर्चच्या बाजूनंही हवा अनुकूल होती. 1891 मध्ये पोप तेरावे लिओ यांनी कामगारांच्या स्थितीवर परिपत्रक काढलं आणि त्यात हावऱ्या सावकारीचा उल्लेख नावानिशी केला. कायदा आणि धर्माची शिकवण हातात हात घालून आल्या, तेव्हा आपल्या किनाऱ्यावर धर्मग्राम, म्हणजे एका चर्चभोवतीची वस्ती, ही पतपेढीची तयार जागा होती. लोक एकमेकांना ओळखतात, दर रविवारी भेटतात, कुणाच्या घरी काय चाललंय ते सगळ्यांना ठाऊक असतं. मंगळूरला 1912 मध्ये कॅथोलिक पतसंस्था सुरू झाली. वसईत 1918 मध्ये मोन्सिनियर पी. जे. मोनीस यांच्या पुढाकारानं बसीन कॅथोलिक पतसंस्था निघाली. तिचीच पुढे बँक झाली. वांद्र्याला 1920 मध्ये साष्टीच्या कॅथोलिकांची पतसंस्था आली.

वसईचा शेतकरी तेव्हा काय पिकवत होता? केळी, पानवेली, भाजी, फुलं. बावखलाचं (म्हणजे तळ्याचं) नाहीतर विहिरीचं पाणी रहाटानं ओढायचं, वाफे भिजवायचे, पहाटेच्या गाडीनं माल मुंबईला न्यायचा. यातलं काहीही उधारीशिवाय उभं राहत नव्हतं. बेणं, खत, रहाटाला जुंपायचा बैल, सगळं सावकाराकडून, आणि पीक निघालं की आधी त्याचं. 1918 हे साल तर महायुद्धाच्या महागाईचं आणि इन्फ्लुएन्झाच्या साथीचं. अशा वर्षी एका धर्मगुरूनं लोकांना शेअर घ्यायला सांगावं आणि लोकांनी घ्यावेत, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

महाराष्ट्रात दुसरीही एक वाट होती, आणि तिच्याविषयी मला तेवढाच आदर आहे. पंडिता रमाबाईंनी दुष्काळ पुस्तकात वाचला नव्हता. 1874 मध्ये त्यांचे आई-वडील दुष्काळी वणवणीत गेले. पुढे 1889 मध्ये त्यांनी शारदा सदन काढलं, तेव्हा बॉस्टनच्या मंडळींनी दहा वर्षांच्या मदतीचा शब्द दिला होता. ती मुदत संपत आली त्याच सुमाराला 1896-97 चा दुष्काळ आला, आणि बाई मध्य प्रांतात जाऊन तीनशेच्या आसपास मुली-स्त्रियांना घेऊन केडगावला आल्या. ब्रिस्टलमध्ये अनाथालयं चालवणाऱ्या जॉर्ज म्युलर यांचं चरित्र त्यांनी वाचलं होतं. म्युलर कुणापुढे हात पसरत नसत, कर्ज काढत नसत, फक्त प्रार्थना करत. पण या गोष्टीचा उरलेला अर्धा भाग हल्ली सांगितला जात नाही. म्युलर आलेल्या-गेलेल्या पैशाचा हिशेब वर्षानुवर्षं छापून प्रसिद्ध करत. रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती या संस्थेतही प्रार्थनेच्या जोडीला शेती होती, विणकाम होतं, तेलाचा घाणा होता, छापखाना होता. देव देईल यावर त्यांचा पूर्ण विश्वास होता, आणि त्याच विश्वासानं त्यांनी मुलींच्या हातांना काम दिलं.

म्हणूनच आज काही ठिकाणी जे ऐकू येतं त्यानं मन दुखतं. अडचणीत आहेस? मग आधी ‘बी पेर’, म्हणजे प्रचारकाला पैसे दे, देव शंभरपटीनं परत करील. माझ्या नात्यातल्या एका बाईंनी हप्ता थकलेला असताना असे पैसे दिले. परत काही आलं नाही, आणि वर आपलीच श्रद्धा कमी पडली हा सल उरला. दुसरीकडे मोबाइलवर पाच मिनिटांत कर्ज मिळतं. जामीन लागत नाही, पण फोनमधले सगळे नंबर तिकडे जातात आणि हप्ता चुकला की वसुलीवाला नातेवाइकांना फोन करून अब्रू काढतो. त्या बाईंचं प्रकरण शेवटी धर्मग्रामातल्या सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीच्या दोघांनी मार्गी लावलं. ही संस्था 1833 मध्ये पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम आणि त्याच्या विद्यार्थी मित्रांनी सुरू केली. तिची रीत साधी आहे: गरजूच्या घरी जायचं, बसायचं, ऐकायचं. ते दोघं आले, त्यांच्यासोबत गुडघे टेकून प्रार्थना केली, मग वही मागितली आणि कुणाचं किती देणं आहे ते एकाखाली एक लिहून काढलं. बाई नंतर म्हणाल्या, ‘आकडा पाहिल्यावर पहिल्यांदा झोप लागली.’

आजोबा गेले तेव्हा त्यांच्या पेटीत रोझरीखाली एक लहान वही सापडली. ज्यांना ज्यांना जामीन राहिले त्या अकरा जणांची नावं, रकमा आणि तारखा त्यात होत्या. कर्ज फिटलं की ते नावावर रेघ मारत. नऊ नावांवर रेघ होती. महिन्याची मिस्सा झाली, त्याच्या दुसऱ्या दिवशी मामा ती वही घेऊन पतपेढीत गेले आणि उरलेल्या दोन खात्यांवर किती बाकी आहे ते विचारून आले.