पायाच्या नखांची बुरशी

नखात व नखाखालच्या त्वचेत कवक वाढून नख पिवळे, जाड आणि ठिसूळ होण्याच्या विकाराला नखांची बुरशी म्हणतात. वैद्यकातील नाव ऑनिकोमायकोसिस. हातापेक्षा पायाच्या नखांत आणि त्यातही अंगठ्याच्या नखात हा विकार अधिक आढळतो. लहान मुलांत तो क्वचित, वयाबरोबर वाढत जाणारा. सुरुवातीला दुखत नाही, खाजतही नाही. त्यामुळे बहुतेक जण नख बुटात झाकून वर्षानुवर्षे काढतात.

पायाच्या नखांत सर्वाधिक सापडणारे कवक म्हणजे ट्रायकोफायटॉन रुब्रम. नखे, केस आणि त्वचेचा वरचा थर ज्या केराटिन प्रथिनाचे बनतात, त्यावरच ते जगते. इटालियन वैद्य आल्दो कॅस्टेलानी यांनी १९१० मध्ये त्याचे वर्णन केले. हे कवक मूळचे आग्नेय आशिया व आसपासचे असावे, असे मानले जाते. तिथल्या अनवाणी लोकांना त्यापासून अंगावर गजकर्ण होई, पायाला सहसा काही होत नसे. बूट घालणाऱ्या युरोपीय लोकांच्या पायात मात्र त्याला ऊब आणि घाम दोन्ही मिळाले. पुढे वसाहती, सैन्ये आणि प्रवासी यांच्याबरोबर ते जगभर गेले. बुरशीचा संबंध अस्वच्छतेपेक्षा बंद पादत्राणांशी जास्त आहे, हे यावरून ध्यानात येते. कँडिडा हे यीस्ट मुख्यतः धुणीभांडी करणाऱ्यांच्या, सतत पाण्यात राहणाऱ्या हातांच्या नखांत आढळते.

नखापर्यंत बुरशी बहुधा पायाच्या त्वचेतून पोहोचते. पावसाळ्यात बोटांच्या बेचक्यांत कातडी पांढरी पडून सोलवटते, त्या चिखल्यांमध्ये बऱ्याचदा हेच कवक असते. भातलावणीला उतरणाऱ्यांना, गमबूट घालणाऱ्या कामगारांना, दिवसभर बूट न काढू शकणाऱ्या पोलिसांना चिखल्या नव्या नाहीत. पाऊस ओसरला की खाज थांबते आणि मलम बंद होते. कवक मात्र तळव्याच्या कोरड्या, भुरभुरीत कातडीत टिकून राहते. बूट लागून नखाची कड उचलली गेली की तिथून ते आत शिरते. मधुमेह, पायांतील मंद रक्ताभिसरण, क्षीण प्रतिकारशक्ती आणि घरात इतरांना असलेला संसर्ग यांमुळे धोका वाढतो.

नेहमीच्या प्रकारात नखाच्या पुढच्या टोकाला किंवा कडेला पिवळट-पांढरा डाग पडतो व तो मुळाकडे सरकतो. नखाखाली भुसा साठतो, नख खालच्या त्वचेपासून सुटते. दुसऱ्या एका प्रकारात नखाच्या पृष्ठभागावर खडूसारखे पांढरे ठिपके येतात. ते खरवडता येतात. मुळाकडून पुढे येणारा पांढरेपणा दुर्मीळ असून तो दिसल्यास एचआयव्हीसारख्या कारणांचा विचार करावा लागतो.

प्रत्येक बिघडलेले नख बुरशीचे नसते. अशा नखांपैकी सुमारे निम्म्यांतच बुरशी निघते. सोरायसिस व लायकेन प्लॅनस हे त्वचाविकार, घट्ट बुटांचा सततचा मार, म्हातारपणी जाड होणारे नख यांचे रूप अगदी तसेच असते. नखाखाली काळी रेघ उमटून ती रुंदावत असेल तर मेलेनोमा हा कर्करोग नाही ना, हे आधी पाहावे लागते. म्हणून नख नुसते पाहून महिनोन्‌महिने गोळ्या सुरू करणे योग्य नव्हे. तपासणीसाठी सुटलेले नख मागेपर्यंत कापतात, टोकाचा भुसा टाकून देतात आणि निरोगी व रोगट भागाच्या सीमेवरचा चुरा खरवडून घेतात. जिवंत कवक तिथेच असते. काचपट्टीवर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकला की केराटिन विरघळते आणि सूक्ष्मदर्शकाखाली कवकाचे फाटे फुटलेले तंतू दिसतात. संवर्धनाला, म्हणजे चुऱ्यातले कवक प्रयोगशाळेत वाढवून पाहायला, तीन-चार आठवडे लागतात. रुब्रमची अशी वाढलेली वसाहत (कवकाचा पुंजका) वरून पांढरी, कापसासारखी; बाटली उलटी करून पाहिली तर सहसा मद्यासारखी लाल. आधीपासून बुरशीनाशक लावलेले असेल तर कवक असूनही अहवाल नकारात्मक येऊ शकतो.

उपचारात नखाच्या वाढीचा वेग निर्णायक ठरतो. पायाचे नख महिन्याला जेमतेम दीड मिलिमीटर वाढते, अंगठ्याचे पूर्ण नख बदलायला १२ ते १८ महिने लागतात. कवक मेले तरी पिवळे झालेले नख पुन्हा स्वच्छ होत नाही. मुळाकडून नितळ नख पुढे सरकताना दिसते, तीच सुधारणेची खूण. प्रौढांसाठी पहिली पसंती टर्बिनाफिन या बुरशीनाशक गोळीला आहे: रोज २५० मिलिग्रॅम, पायासाठी १२ आठवडे. यकृताचा आजार असल्यास ते टाळतात, आणि गोळ्यांपूर्वी रक्ततपासणी करून घेतात. इट्राकोनॅझोल हे दुसरे बुरशीनाशक महिन्यातून एक आठवडा, असे तीन महिने देण्याची पद्धत आहे. त्याच्या कॅप्सूल जेवणानंतर घ्याव्या लागतात. अ‍ॅसिडिटीच्या औषधांमुळे त्यांचे शोषण घटते. हृदय निकामी होण्याचा त्रास असलेल्यांना ते देत नाहीत, आणि कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्यांबरोबर ते धोक्याचे ठरते. डॉक्टरला आपली सगळी औषधे दाखवणे इथे औपचारिकता नव्हे.

संसर्ग मर्यादित असेल, मुळापर्यंत पोहोचला नसेल, तर अमोरोल्फिन किंवा सायक्लोपिरॉक्स या बुरशीनाशकांचे, नेलपॉलिशसारखे नखावर लावायचे लॅकर चालते, पण चिकाटी वर्षभराची हवी. फार जाड नख कानशीने घासून किंवा ४० टक्के युरियाने मऊ करून कमी केले की औषध खाली उतरते. व्हिनेगर, टी ट्री तेल, लसूण यांच्या बाजूने पुरावा तोकडा आहे. चिखल्यांवर मेंदी लावायची घरोघरची रीत. तिने नख रंगते आणि खालचे दिसेनासे होते, एवढे लक्षात ठेवावे.

पुन्हा होणे ही या विकाराची जुनी खोड आहे. पाय धुतल्यावर बेचक्या कोरड्या करणे, मोजे रोज बदलणे, बुटांना दिवसाआड विश्रांती देणे, जलतरण तलावाच्या काठावर चप्पल घालणे, नेलकटर वेगळा ठेवणे हे उपाय साधेच आहेत. कोकणात जुलै महिन्यात मोजे वाळतच नाहीत. तिथे उघडी सँडल बरी. चिखल्या दिसताच त्यांवर पूर्ण मुदत मलम लावले तर नख बरेचदा वाचते. मलम मात्र स्टेरॉइड मिसळलेले नसावे. औषधांच्या दुकानातून चिठ्ठीविना मिळणाऱ्या अशा मिश्र मलमांनी खाज लगेच थांबते, पण कवक पसरते. भारतात चिवट गजकर्णाची जी लाट आली, तिच्यात या मलमांच्या गैरवापराचा हात मानला जातो. २०२० मध्ये वेगळी प्रजाती म्हणून नोंदलेले ट्रायकोफायटॉन इंडोटिनी हे त्याच लाटेतले कवक. ते मुख्यतः त्वचेवर आढळते आणि त्याचे अनेक वाण टर्बिनाफिनला दाद देत नाहीत. मधुमेही माणसाने मात्र नख जाड होताच दाखवावे. जाड नख शेजारच्या बोटात रुतते, पायाला बधिरपणा असल्यास जखम कळत नाही आणि ती चिघळते.