सॉल्ट लेक थिएटर

अमेरिकेतल्या युटामध्ये, सॉल्ट लेक सिटी शहरात मॉर्मन या ख्रिस्ती पंथाच्या लोकांनी बांधलेलं नाटकघर. ६ मार्च १८६२ ला प्रार्थना करून उद्घाटन झालं, तिकीट लावून खेळ ८ तारखेपासून सुरू झाले आणि १९२८ मध्ये इमारत पाडली.

त्या काळात बऱ्याच ख्रिस्ती पाद्र्यांना नाटक म्हणजे पाप वाटायचं आणि इथे तर मॉर्मन चर्चचा प्रमुख ब्रिगम यंगच थिएटरच्या मागे उभा होता. तो आधी मॉर्मनांच्या जुन्या नॉव्हू गावात ‘पिझारो’ नाटकात मुख्य पुजाऱ्याचं काम केलेला माणूस, त्यामुळे त्याला हे वेड नवीन नव्हतं. सॉल्ट लेकला आधी १८५३ पासून सोशल हॉलमध्ये नाटकं व्हायची, पण तो हॉल लहान पडायला लागला. गंमत म्हणजे मॉर्मनांना वठणीवर आणायला आलेलं सरकारी सैन्य १८६१ मध्ये यादवी युद्धामुळे परत गेलं, जाताना कॅम्प फ्लॉइड या आपल्या छावणीतलं सामान मातीमोल भावात विकलं, आणि त्यातलेच खिळे वगैरे या थिएटरला लागले!

हायरम क्लॉसन आणि जॉन केन हे दोघं मॅनेजर. क्लॉसन यंगचा जावई, यंगच्या धंद्याचा हिशोबही तोच बघायचा. खरी कसरत तिकीटखिडकीवर होती, कारण लोकांकडे रोख पैसाच नसायचा, मग गहू, पीठ, बटाटे, अंडी असं काहीही घेऊन माणसं यायची आणि त्याचा भाव ठरवून त्यांना सीट मिळायची, म्हणजे नाटक संपलं तरी मॅनेजरपुढे बटाट्यांचं काय करायचं हा प्रश्न उरायचाच. नटमंडळी डेझरेट ड्रॅमॅटिक असोसिएशनची, दिवसभर आपापली कामं करून संध्याकाळी तालमीला येणारी, सुरुवातीला तर बिनपगारीच. यंगच्या मुलीही स्टेजवर दिसायच्या. त्याला स्वतःला रक्तपाताच्या शोकांतिका आवडायच्या नाहीत, हलकीफुलकी नाटकं हवी असायची, तरी टॉमस लाइनसारखा धंदेवाईक नट आला की शोकांतिका व्हायच्याच, प्रेक्षकांनाही त्या हव्या असणार.

१८६९ मध्ये अमेरिकेचा पूर्व-पश्चिम भाग रेल्वेने जोडला गेला आणि बाहेरच्या नावाजलेल्या कंपन्यांचं येणं सोपं झालं, तशी गावातली हौशी मंडळी मागे पडत गेली. पण याच गावातल्या नटमंडळीतल्या अॅनी अॅडम्सची मुलगी मॉड (जन्म १८७२) तान्ही असतानाच स्टेजवर आली होती, पुढे १९०५ मध्ये न्यूयॉर्कला तिने ‘पीटर पॅन’ नाटकात पीटरचं काम केलं आणि अमेरिकेतली टॉपची नटी झाली.