तळहातावरची गोळी आणि दारूचं माप

गोव्यात सत्तरी-सांग्याकडे ठासणीच्या, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू-गोळी भरायच्या बंदुकीचा विषय निघाला की कोणीतरी नियम सांगतोच: गोळी तळहातावर ठेवायची, ती झाकेपर्यंत काळी दारू ओतायची, तेवढीच भरायची. हा नियम नव्हे, अंदाज आहे. तळवा थोडा खोलगट केला की माप बदलतं. शिवाय बारीक दाण्याची दारू जाड दाण्यापेक्षा भराभर जळते आणि तेवढ्याच मापात नळीवर जास्त दाब आणते. हाताला ते कसं कळणार?

दुसरी समजूत पांढऱ्या चादरीची. नळीपुढे चादर अंथरून काळे कण दिसेपर्यंत माप वाढवत न्यायचं, म्हणे! पण काळी दारू पूर्ण जळली तरी वजनाने निम्म्याहून अधिक भाग घनरूपात उरतो. म्हणजे काळे कण न जळलेल्या दारूचेच, असं नाही.

बंदूक बनवणाऱ्याने दिलेली मर्यादा हाच आधार. सुरुवात त्यातल्या कमी मापापासून, तीही मोजमापाच्या नळकांड्याने. गोळी दारूवर घट्ट टेकलेली हवी. मध्ये पोकळी राहिली तर नळी फुगते, फुटूही शकते. काडतुसातली धूरविरहित दारू मात्र चिमूटभरही नको, तिचा दाब या नळ्यांना झेपत नाही.

आजोबांच्या वेळची, मर्यादा माहीत नसलेली बंदूक जाणत्या कारागिराने तपासेपर्यंत भरूच नये. आणि पीकरक्षणासाठी मिळालेला बंदुकीचा परवाना म्हणजे शिकारीची मुभा नव्हे. 1972 चा वन्यजीव कायदा गोव्यालाही लागू आहे.