प्रोसेसरवरचा छापील आकडा आणि त्यामागची शिल्लक

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत माझ्या भाच्याने आयुष्यातला पहिला डेस्कटॉप स्वतः असेंबल केला. कर्वेनगरच्या घरात हॉलमध्ये सतरंजी अंथरली, तिच्यावर मदरबोर्डचा खोका आणि त्या खोक्यावर मदरबोर्ड. रायझन ५ ७६०० प्रोसेसर, बी६५० बोर्ड, ६००० वेगाची डीडीआर५ रॅम. पहिल्यांदा बायोसचा, म्हणजे मशीन चालू होतानाच्या मूळ प्रोग्रामचा, पडदा उजळला तेव्हा त्याने आधी कोपऱ्यातला मेगाहर्ट्झचा, म्हणजे वेगाचा, आकडा पाहिला आणि मग माझ्याकडे. "मावशी, ओव्हरक्लॉक करूया ना?"

ओव्हरक्लॉक म्हणजे प्रोसेसर छापील वेगापेक्षा जास्त वेगाने पळवणं. मी लगेच हो किंवा नाही म्हणाले नाही. हा शब्द मी पंचवीसहून जास्त वर्षं ऐकते आहे आणि तेवढ्या काळात त्याचा अर्थ पार बदलला आहे. आजच्या प्रोसेसरमध्ये ओव्हरक्लॉकिंगला किती जागा उरली आहे, हे कळायला ती जागा आधी कुठे होती आणि कुणी कशी वापरली, हे पाहावं लागतं.

प्रोसेसर ठेक्यावर चालतो. दर ठोक्याला एक पाऊल. हा ठोका म्हणजे क्लॉक. सिलिकॉनच्या एकाच तबकडीतून कापलेल्या सगळ्या चिप सारख्या निघत नाहीत. काही जलद पळतात, काही लवकर दमतात. कंपनी त्या तपासते आणि प्रत्येकीवर असा आकडा छापते, जो धूळ बसलेल्या पंख्यावर, साध्या एसएमपीएसवर (वीजपुरवठ्याच्या डब्यावर), तापलेल्या खोलीत, वर्षानुवर्षं टिकेल. म्हणजे छापील आकडा आणि चिपची खरी ताकद यांच्यात थोडी शिल्लक राहते. ओव्हरक्लॉकिंगचा सगळा इतिहास ही शिल्लक कुणाची, या एका प्रश्नाभोवती फिरतो.

१९८१ साली आलेल्या आयबीएम पीसीमध्ये इंटेलचा ८०८८ हा प्रोसेसर ४.७७ मेगाहर्ट्झवर चालायचा. आकडा विचित्र वाटतो, पण त्याला कारण आहे. बोर्डवर १४.३१८ मेगाहर्ट्झचा, ठोका देणारा एकच क्रिस्टल होता. त्यातूनच रंगीत टीव्हीचा सिग्नल काढायचा होता आणि त्याच क्रिस्टलला तीनने भागून प्रोसेसरचा ठोका मिळायचा. घड्याळ असं सगळ्यांत वाटलेलं असल्यामुळे त्याला हात लावणं सोपं नव्हतं. १९८४ च्या पीसी एटीमध्ये मात्र ८०२८६ प्रोसेसरसाठी १२ मेगाहर्ट्झचा वेगळा क्रिस्टल आला. त्याच्या निम्मा, म्हणजे ६ मेगाहर्ट्झचा वेग. लोकांनी तो क्रिस्टल उपसून त्या जागी १६ मेगाहर्ट्झचा बसवला आणि मशीन ८ वर पळू लागलं. आयबीएमने पुढच्या बायोसमध्ये चालू होतानाच वेग तपासण्याची सोय केली. वेग जास्त आढळला तर मशीन पुढे जायचंच नाही. मालकाने शिल्लक काढायची आणि कंपनीने दार लावायचं, हा खेळ तेव्हा सुरू झाला.

१९९२ मध्ये ४८६ डीएक्स२ आला आणि प्रोसेसरच्या आत गुणाकार सुरू झाला: बाहेर बसचा, म्हणजे प्रोसेसरला बाकी बोर्डाशी जोडणाऱ्या वाटेचा, वेग ३३, आत त्याच्या दुप्पट ६६. तेव्हापासून वेग म्हणजे बस गुणिले मल्टिप्लायर. पेंटियमच्या जमान्यात हे दोन्ही आकडे बोर्डवरच्या जंपरने, म्हणजे पिना जोडणाऱ्या छोट्या टोपणाने, ठरायचे. पेंटियम ७५ म्हणजे ५० गुणिले दीड. जंपर हलवून बस ६० वर नेली की तोच झाला ९०. पण जी गोष्ट हौशी माणसाला जमते, ती लबाड माणसालाही जमते. कमी वेगाच्या चिपवरचा आकडा खरवडून वरचा छापायचा आणि महाग विकायची, हा उद्योग जगभर चालला. आपल्याकडे तेव्हा घरचा कॉम्प्युटर म्हणजे बहुतेक वेळा असेंबल्डच. चिपवर जे लिहिलंय त्यावर विश्वास ठेवण्यापलीकडे गिऱ्हाइकाच्या हातात काही नसायचं. अशा फसवणुकीला आळा घालायचा म्हणून इंटेलने मल्टिप्लायरला कुलूप घातलं. ते कारण मला पटतं. मात्र त्याच कुलपाने हौशी मालकालाही दाराबाहेर ठेवलं, हेही तितकंच खरं.

मग १९९८ उजाडलं. त्या वर्षाबद्दल मी जरा सविस्तर लिहिणार आहे, कारण तो काळ मी घरात बसून पाहिला.

त्या वर्षी एप्रिलमध्ये इंटेलने सेलेरॉन नावाचा स्वस्त प्रोसेसर काढला. त्यात दुसऱ्या पातळीची कॅश, म्हणजे प्रोसेसरजवळची छोटी जलद मेमरीच नव्हती, त्यामुळे तो अगदीच मंद ठरला. ऑगस्टमध्ये त्याची सुधारलेली आवृत्ती आली, सेलेरॉन ३००ए. तिच्यात १२८ केबी कॅश होती, प्रोसेसरच्याच तुकड्यावर कोरलेली आणि त्याच्याच वेगाने धावणारी. महागड्या पेंटियम २ मध्ये कॅश ५१२ केबी होती, पण ती बाहेरच्या चिपमध्ये आणि निम्म्या वेगाची. ३००ए चा मल्टिप्लायर साडेचारवर कुलूपबंद, बस ६६. आता बस १०० केली तर? साडेचारशे मेगाहर्ट्झ! त्याच सुमाराला आलेल्या पेंटियम २ ४५० ची किंमत साडेसहाशे डॉलरच्या वर होती. हा दीडशेच्या आसपास मिळायचा. आणि बस १०० करणं धोक्याचंही नव्हतं, कारण इंटेलचाच ४४०बीएक्स चिपसेट (बोर्डवरची वाहतूक सांभाळणारी चिप) त्या वेगासाठी बनवलेला होता. बस १०० असली की तो पीसीआयला, म्हणजे बाकी कार्डं आणि डिस्क यांच्या वाटेला, बरोबर तिसरा हिस्सा, म्हणजे ठरलेले ३३ मेगाहर्ट्झ द्यायचा. बस ७५ किंवा ८३ वर ठेवणाऱ्यांचं पीसीआयही त्याच प्रमाणात वर सरकायचं आणि हार्ड डिस्कवरच्या फाइली खराब व्हायच्या.

दादाने १९९९ च्या जानेवारीत हा प्रोसेसर आणला. नारायण पेठेतल्या आमच्या दोन खोल्यांत तो टेबलावर ठेवलेला अजून डोळ्यांसमोर आहे: कॅसेटसारखी लांबट पट्टी आणि खाली सोनेरी दातांची रांग. अबिटसारख्या कंपन्यांच्या बोर्डवर बसचा वेग बायोसमधूनच बदलता यायचा. आमचा बोर्ड साधा होता. तो प्रोसेसरला विचारून वेग ठरवायचा. हे विचारणं व्हायचं बी२१ नावाच्या एका दातातून. तो दात झाकला, की बोर्डाचा समज व्हायचा की समोर १०० चा प्रोसेसर आहे. दादाने टाचणीच्या टोकाने दात मोजले, पुन्हा मोजले, तिसऱ्यांदा मला मोजायला लावले. मग माझ्या नेलपॉलिशच्या बाटलीतला ब्रश काडीएवढा बारीक कातरून त्या एका दातावर एक थेंब लावला. वाळायला अर्धा तास. तेवढ्यात आईने दोनदा विचारलं, एवढं महाग आणलंय त्याला रंग कसला लावताय?

चालू केल्यावर काळ्या पडद्यावर ४५० हा आकडा आला. दादा काही बोलला नाही. त्याने मशीन बंद करून परत चालू केलं आणि तो आकडा पुन्हा पाहिला.

एप्रिलपर्यंत सगळं सुरळीत चाललं. मग दुपारी तीनच्या सुमाराला विंडोज हँग व्हायला लागलं. रात्री दहानंतर तेच मशीन तक्रार न करता चालायचं. चार-पाच दिवस आम्ही रॅम काढून बसव, विंडोज पुन्हा टाक, असं करत राहिलो. शेवटी दादाने कॅबिनेटची बाजू उघडली आणि टेबलफॅन आत रोखून ठेवला. हँग होणं थांबलं. चिपमधली ती शिल्लक जानेवारीत होती, एप्रिलच्या दुपारी उरली नव्हती. छापील आकडा खालचा का ठेवतात, हे मला त्या आठवड्यात जितकं कळलं तितकं पुढे कॉलेजातही कळलं नाही.

२००० च्या सुमाराला इंटेलची प्रतिस्पर्धी असलेल्या एएमडीच्या अॅथलॉन आणि ड्युरॉनवर लोक शिसपेन्सिल चालवू लागले. प्रोसेसरच्या पृष्ठभागावरचे तुटक ठेवलेले बारीक सांधे पेन्सिलीच्या रेघेने जोडले की मल्टिप्लायरचं कुलूप उघडायचं, कारण शिसपेन्सिलीतलं ग्रॅफाइट वीज वाहून नेतं. अॅथलॉन एक्सपीमध्ये एएमडीने त्या सांध्यांमध्ये लेझरने खड्डे पाडले आणि पेन्सिलीचा उपाय संपला.

याच काळात खरी भिंत जवळ येत होती, ती उष्णतेची. प्रोसेसरची वीज ठोक्याच्या प्रमाणात वाढते आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात. वेग १० टक्के वाढवला आणि तो टिकावा म्हणून व्होल्टेजही १० टक्के वाढवलं, तर वीज ३३ टक्के जास्त लागते आणि तेवढीच उष्णता बाहेर काढावी लागते. पेंटियम ४ याच भिंतीवर आदळला. ४ गिगाहर्ट्झचा पेंटियम ४ जाहीर झाला होता. ऑक्टोबर २००४ मध्ये इंटेलने तो रद्द केला आणि गाडी ३.८ वर थांबली. पुढच्याच वर्षी एका चिपवर दोन कोअर, म्हणजे दोन प्रोसेसरच, असलेले डेस्कटॉप प्रोसेसर बाजारात आले. एकाला किती पळवणार, त्यापेक्षा दोघं एकत्र चालू देत. इथे मला पुणेकर म्हणून एक आठवण काढल्याशिवाय राहवत नाही. १९८८ मध्ये पुण्यात सुरू झालेल्या सी-डॅकने १९९१ मध्ये परम ८००० उभा केला, तो याच विचारावर: एक अतिवेगवान प्रोसेसर न घेता अनेक ट्रान्सप्युटर (एकमेकांना जोडता येणारे छोटे प्रोसेसर) एकत्र जोडून. घरच्या टेबलापर्यंत तो विचार पोचायला चौदा वर्षं लागली.

इंटेलच्या कोअर २ प्रोसेसरांच्या दिवसांत बस वाढवण्याची मजा पुन्हा आली. क्यू६६०० ची बस २६६ वरून ३३३ केली की २.४ चा प्रोसेसर ३ गिगाहर्ट्झवर सहज चालायचा. २०११ च्या जानेवारीत इंटेलचाच सँडी ब्रिज प्रोसेसर आला आणि तेही मिटलं. त्यात मूळ १०० मेगाहर्ट्झच्या ठोक्याला पीसीआय एक्सप्रेस (ग्राफिक्स कार्डाची वाट), साटा (डिस्कची वाट) असं सगळंच बांधलेलं होतं. तो थोडा जरी वाढवला तरी दुसरं काहीतरी बंद पडायचं. मल्टिप्लायर फक्त के अक्षराच्या मॉडेलांत उघडा, आणि त्यासाठी बोर्डही महागातला हवा. शिल्लक आता रीतसर विकली जाऊ लागली. पुढच्या वर्षी इंटेलने जादा पैसे घेऊन ओव्हरक्लॉकिंगसाठी वेगळं संरक्षण देणारी योजनाही आणली. ती २०२१ मध्ये बंद झाली. एएमडीने २०१७ च्या पहिल्या रायझनपासून मल्टिप्लायर जवळजवळ सगळ्या मॉडेलांत उघडा ठेवला, आणि बी मालिकेतल्या मधल्या किमतीच्या बोर्डांवरही तो वापरू दिला.

पण तोवर चिप स्वतःच शहाणी झाली होती. २००८ मध्ये इंटेलचा टर्बो बूस्ट आला, पुढे एएमडीचा प्रिसिजन बूस्ट. आजचा प्रोसेसर सेकंदात अनेक वेळा स्वतःचं तापमान, वीज आणि व्होल्टेज पाहतो आणि जमेल तितका वर जातो. दादा टाचणीने जे शोधत होता, ते चिप आता स्वतः शोधून वापरते. ती शिल्लक किती बारीक झाली आहे हे २०२४ मध्ये सगळ्यांना दिसलं. इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीतले काही डेस्कटॉप प्रोसेसर जादा व्होल्टेजमुळे अस्थिर होऊ लागले. त्यातले कित्येक तर कुणी ओव्हरक्लॉकही केलेले नव्हते. इंटेलने ऑगस्टमध्ये नवा मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतला प्रोग्राम) दिला आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली.

म्हणून भाच्याला मी मल्टिप्लायरला हात लावू दिला नाही. त्याने पैसे मोजलेला वेग आधी चालू करून घेतला. ६००० ची रॅम नव्या बोर्डवर ४८०० वरच जागी होते. एक्स्पो प्रोफाइल, म्हणजे रॅमच्या वेगाचं तयार सेटिंग, चालू केल्याशिवाय ती छापील वेग देत नाही. हेही कंपनीच्या कागदावर ओव्हरक्लॉकिंगच आहे, आणि या प्रोफाइलने प्रोसेसरच्या एका भागाचं, एसओसीचं, व्होल्टेज वाढतं. २०२३ मध्ये काही ७००० मालिकेतले प्रोसेसर त्यामुळे जळाले आणि एएमडीने त्या व्होल्टेजवर १.३ व्होल्टची मर्यादा घातली. तेव्हा आधी बायोस अपडेट केलं, मगच एक्स्पो.

त्यानंतर बायोसमधली कर्व्ह ऑप्टिमायझर ही सोय. यात व्होल्टेज वाढवत नाहीत, उलट कमी करतात; वाचलेल्या विजेत प्रोसेसर आपणहून थोडा वर जातो. भाच्याने थेट उणे ३० ठेवलं. तासभर पूर्ण लोड दिला, काही झालं नाही. रात्री मशीन नुसतं चालू राहिलं आणि सकाळी बघतो तर रिस्टार्ट झालेलं. हलक्या कामात एखादा कोअर सगळ्यात उंच वेगाला जातो, आणि अपुरं व्होल्टेज नेमकं तिथे उघडं पडतं. उणे १५ वर ते स्थिर झालं.

मे महिन्यात त्याचा फोन आला. खोलीत ३८ अंश, गेम चालू, प्रोसेसर ९० च्या वर आणि खोक्यात मिळालेला छोटा पंखा घोंघावतोय. डिसेंबरात खोली २४ वर होती. ते वरचे चौदा अंश थेट प्रोसेसरच्या डोक्यावर येऊन बसले होते. त्याने दुपारपुरता इको मोड (कमी विजेवर चालण्याचं सेटिंग) लावला, वीज कमी झाली, आणि गेममध्ये फरक पडला तो चार-पाच फ्रेमचा. संध्याकाळी मी गेले तेव्हा कॅबिनेटची काच काढून भिंतीला टेकवली होती आणि स्टुलावर टेबलफॅन होता. दादाची गोष्ट मी त्याला तोपर्यंत सांगितलेली नव्हती.