योनिमार्ग आतून धुण्याची सवय आली कुठून?

ही सवय बाजारात स्वच्छतेसाठी आलीच नव्हती. अमेरिकी डॉक्टर चार्ल्स नोल्टन यांनी १८३२ मध्ये संभोगानंतर तुरटी किंवा जस्ताचा क्षार विरघळवलेले पाणी पिचकारीने आत सोडायला सांगितले, ते गर्भ राहू नये म्हणून. १८७३ च्या कॉमस्टॉक कायद्याने तिथे गर्भनिरोधक साधने टपालाने पाठवणे गुन्हा ठरले. मग तोच माल ‘स्त्रियांची स्वच्छता’ या नावाने विकला जाऊ लागला. पुढे लायसॉल या घरगुती जंतुनाशकाच्याही अशा जाहिराती झाल्या. नवरा दुरावेल अशी भीती त्या घालत. त्या काळच्या लायसॉलमध्ये क्रेसॉल असे. त्याने आतला नाजूक थर भाजे, विषबाधा होई, आणि गर्भ टळेलच असेही नसे.

खेदाची गोष्ट अशी की धुऊन काय जाते हे तोवर ठाऊक झाले होते. १८९२ मध्येच जर्मनीत आल्बर्ट ड्योडरलाइन यांनी योनिस्रावातले दंडाकार जिवाणू दाखवून तिथल्या आम्लतेशी त्यांचा संबंध जोडला होता. इस्ट्रोजेन या संप्रेरकामुळे योनिमार्गाच्या पेशींत ग्लायकोजेन साठते. त्यातून सुटणाऱ्या साखरेवर हे दंडाकार जिवाणू म्हणजे लॅक्टोबॅसिलस जगतात, लॅक्टिक आम्ल तयार करतात आणि सामू (पीएच; जितका कमी तितकी आम्लता जास्त) साधारण ३.८ ते ४.५ राहतो. पिचकारीने जिवाणू आणि आम्ल दोन्ही वाहून जातात. साध्या साबणाचा सामू तर ९-१० असतो. आम्लता घटली की गार्डनेरेलासारखे जिवाणू वाढून पेशींवर थर धरतात आणि माशासारखा वास येतो. वास येतो म्हणून बाई पुन्हा धुते.

२०११ मध्ये अमेरिकेतल्या ३९६ तक्रारमुक्त स्त्रियांच्या तपासणीत जिवाणूंचे पाच गट दिसले. सुमारे पाव स्त्रियांत लॅक्टोबॅसिलसचे प्राबल्यच नव्हते. म्हणून बाजारात मिळणारा ‘समतोल राखणारा’ एकच योनी-वॉश सगळ्यांना लागू पडेल, हा दावा पटत नाही. बाटलीवर ३.५ सामू छापला असला तरी तो वॉश बाहेरच्या त्वचेपुरताच असतो, आणि तिथे साधे पाणी पुरते. आत बोट, जेट, सुगंधी फवारा काहीही नको. दहीही नको, विरजणातले लॅक्टोबॅसिलस वेगळ्या जातीचे असतात.

पातळ, राखाडी, वासाचा स्राव असेल किंवा दह्याच्या कवड्यांसारखे पांढरे जाऊन खाज सुटत असेल, तर डॉक्टरांकडे जावे. पहिल्यात सामू बहुधा ४.५ च्या वर जातो, दुसऱ्यात म्हणजे बुरशीच्या संसर्गात तो सहसा बदलत नाही, औषधेही वेगळी. तपासणीआधी निदान २४ तास आत काही घालू नये, नाहीतर नमुना फसवा येतो.