पाण्याचा गारवा, पाण्याची ऊब

उन्हाळा लागला की नवा माठ घरात येतो, रात्रभर पाण्यात भिजत पडतो आणि मग ओट्याच्या कोपऱ्यात तिवईवर बसतो. काही तासांत त्याच्या अंगावर ओल फुटते आणि आतले पाणी गार होऊ लागते. दोन-तीन उन्हाळ्यांनंतर पाण्यातल्या क्षारांनी त्याची छिद्रे बुजली की तोच माठ पाणी गार करीनासा होतो. गारवा मातीच्या अंगचा आहे असे आपण धरून चालतो, पण मातीचे काम पाणी बाहेर पाझरू देण्यापुरतेच असते. पाणी गार होते ते बाहेर आलेल्या ओलीची वाफ होते म्हणून.

एक ग्रॅम पाण्याची वाफ होण्यासाठी उत्कलनबिंदूला सुमारे ५४० कॅलरी उष्णता लागते, आणि खोलीच्या तापमानाला तर ५८० च्या आसपास. माठात दहा लिटर पाणी असेल आणि त्यातले शंभर ग्रॅम, म्हणजे जेमतेम अर्धा पेला, उडून गेले, तर ते जाताना सुमारे ५८ हजार कॅलरी घेऊन जाते. ही सगळी उष्णता आतल्या पाण्यातूनच निघाली असे मानले, तर ते जवळजवळ सहा अंशांनी उतरायला हवे. प्रत्यक्षात भोवतालच्या हवेतून माठाकडे सतत उष्णता येत राहते, त्यामुळे हिशेब इतका सरळ सुटत नाही.

पाण्याला वाफ होण्यासाठी एवढी उष्णता का लागावी? पाण्याच्या रेणूतला ऑक्सिजन इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढून धरतो, त्यामुळे त्याच्या बाजूला किंचित ऋण आणि हायड्रोजनच्या बाजूला किंचित धन प्रभार येतो, आणि एका रेणूचा हायड्रोजन शेजारच्या रेणूच्या ऑक्सिजनकडे ओढला जातो. हा हायड्रोजन बंध दुबळा असतो. रेणूच्या आतल्या बंधाच्या तुलनेत त्याची ताकद साधारण विसावा भाग, आणि द्रवरूप पाण्यात तो सेकंदाच्या अब्जावधीव्या भागाहूनही कमी वेळात तुटतो आणि पुन्हा जुळतो. पण असे बंध प्रत्येक रेणूभोवती असतात, आणि वाफ व्हायची तर ते सगळे सोडवावे लागतात. आवर्त सारणीत ऑक्सिजनच्या लगेच खाली गंधक आहे. त्याचा हायड्रोजन सल्फाइड हा सडक्या अंड्याच्या वासाचा वायू रेणूभाराने पाण्याच्या जवळजवळ दुप्पट, तरीही तो उणे ६० अंशांनाच उकळतो, कारण त्याच्या रेणूंमध्ये हे बंध नगण्य असतात. ते पाण्यातही नसते, तर नद्या आणि समुद्र ही भानगडच उरली नसती.

पाणी तापायलाही याच कारणाने वेळ लावते. एक ग्रॅम पाणी एक अंशाने तापवायला एक कॅलरी लागते, कोरड्या वाळूला मात्र तिच्या पाचव्या हिश्शाच्या आसपास पुरते. मुंबई आणि नागपूर यांच्या अक्षांशांत जेमतेम दोन अंशांचा फरक आहे, पण मे महिन्यात नागपूरचा पारा ४३ अंशांच्या घरात जातो आणि मुंबईचा ३३-३४ वर थांबतो. थंडीत उलट, मुंबईच्या रात्री नागपूरपेक्षा उबदार असतात. ज्या समुद्रामुळे मुंबईकराला हे सुख लाभते, तोच हवा दमट करून त्याच्या माठाची पंचाईत करतो. हवेत आधीच भरपूर बाष्प असले की माठावरची ओल उडत नाही, आणि अंगावरचा घामही उडत नाही. टपकलेला घाम शरीराच्या दृष्टीने वाया गेलेला असतो, कारण गारवा येतो तो घाम उडून जाण्यातून, नुसता गळण्यातून येत नाही. म्हणूनच दमट उकाडा कोरड्या उन्हापेक्षा कमी तापमानातही जिवावर बेतू शकतो.

पाण्याचा सर्वांत विक्षिप्त गुण दिसतो तो गोठताना. बहुतेक पदार्थ थंड होताना आकसत जातात. गोडे पाणी चार अंशांपर्यंत आकसते आणि त्याखाली पुन्हा फुगू लागते. बर्फात प्रत्येक रेणू चार शेजाऱ्यांना ठरावीक कोनांत धरून ठेवतो, त्यामुळे मध्ये पोकळ जागा राहते आणि आकारमान सुमारे नऊ टक्क्यांनी वाढते. फ्रीजरमध्ये विसरलेली पाण्याची काचेची बाटली फुटते ती यामुळेच. काश्मिरात २१ डिसेंबरपासून चाळीस दिवसांचा ‘चिल्ले कलान’ हा कडाक्याच्या थंडीचा काळ सुरू होतो, तेव्हा दल सरोवराचा पृष्ठभाग जागोजागी गोठतो आणि शिकारेवाल्यांना वल्ह्यांनी बर्फ फोडत वाट काढावी लागते. चार अंशांचे पाणी सर्वांत जड म्हणून ते तळाशी बसते. त्याहून थंड झालेले पाणी वरच राहते, तिथेच गोठते आणि खालच्या पाण्यावर दुलईसारखे पसरते. बर्फ जड असता तर तो तळाशी साचत गेला असता आणि उथळ सरोवरे बुडापासून वरपर्यंत गोठली असती. तसे होत नाही, म्हणून शिकारा नावेच्या बुडाखाली हात-दीड हातावर मासे संथपणे कल्ले हलवत हिवाळा काढत असतात.