काचेतली मेणबत्ती मधोमध का खचते?

काचेच्या ग्लासातली सुगंधी मेणबत्ती चार-पाच वेळा लावली की पुष्कळदा मधोमध खड्डा पडतो. कडेचं मेण बोटभर जाडीचं तसंच राहतं आणि ज्योत खाली रुतून मिणमिणायला लागते. नुकसान दिसतं त्यापेक्षा बरंच मोठं असतं. ग्लासाचा व्यास 7.5 सेंटिमीटर आणि खड्ड्याचा 5 सेंटिमीटर असेल, तर दोन-तृतीयांश मेण कामी येतंय असं वाटतं. पण क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाच्या हिशेबाने वाढतं. म्हणजे जळतंय फक्त 44 टक्के, बाकीचं ग्लासाला चिकटून वाया!

समईत तेल मुळातच पातळ असतं. वातीने ते फक्त वर ओढायचं. मेणबत्तीला मात्र आपलं इंधन आधी स्वतःच वितळवावं लागतं. गोम इथेच आहे, पण उष्णता कमी पडते म्हणून नव्हे. साधारण मेणबत्ती तासाला 6-7 ग्रॅम मेण जाळते, म्हणजे 75-80 वॅटच्या आसपास उष्णता देते. तीन तासांत ती 800 किलोज्यूलच्या वर जाते. याच ग्लासातला एक सेंटिमीटर जाडीचा थर, म्हणजे जेमतेम 40 ग्रॅम मेण, वितळायला लागतात सुमारे 10 किलोज्यूल. एक टक्का म्हणा ना! अडचण अशी की ज्योतीची बहुतेक उष्णता तापलेल्या वायूंबरोबर सरळ वर निघून जाते आणि मेण तर असतं खाली नि बाजूला.

जी थोडी खाली पोचते ती कडेपर्यंत जाते कशी, हे डोळ्यांनी बघता येतं. वितळलेल्या मेणावर काजळीचा एखादा कण पडला तर नीट निरखा. तो वातीपासून कडेकडे सरकत जातो आणि पुष्कळदा तळाजवळून परत फिरतो. गरम द्रवाचा पृष्ठताण कमी, गार द्रवाचा जास्त, म्हणून पृष्ठभाग गार बाजूला ओढला जातो. घट्ट मेणातून उष्णता फार सावकाश जाते, त्यामुळे या प्रवाहाची मोठीच मदत होते. पण काचही बाहेरच्या हवेला उष्णता देत असते. आत येणारी आणि बाहेर जाणारी उष्णता जिथे सारखी होते तिथे वितळलेल्या मेणाचं तळं पसरायचं थांबतं, आणि तिथवर पसरायला त्याला वेळ लागतो.

म्हणून पहिल्या वेळी घाई करू नये. व्यासाच्या दर अडीच सेंटिमीटरला एक तास, हा ढोबळ नियम चांगला आहे. आपल्या ग्लासाला तीन तास. अर्ध्या तासात फुंकर मारली की मधलंच मेण खाली जातं आणि कडा उंच राहतात. पुढच्या वेळीही तेवढंच वितळतं, मग ‘मेणाला आठवण असते’ असं सांगितलं जातं. मेणाला कसली आठवण! पातळी खाली गेल्यावर तळ्यातला गरम द्रव त्या उंच कडेच्या माथ्यावर चढू शकत नाही, एवढंच.

गंमत म्हणजे या उंच कडेचं शास्त्रज्ञ मायकेल फॅरडेला कौतुक होतं. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये 1860-61 च्या नाताळात मुलांसमोर दिलेल्या व्याख्यानांत त्याने दाखवलं, की ज्योतीमुळे वर ओढली जाणारी हवा मेणबत्तीची बाहेरची कड गार ठेवते, त्यामुळे वाटी तयार होते आणि पातळ मेण सांडत नाही. उभ्या मेणबत्तीचा हा गुण. ग्लासातल्या मेणबत्तीत सांडण्याची भीतीच नसते, म्हणून तोच दोष ठरतो.

एकाच बाजूचं मेण जळत असेल तर आधी छताकडे बघा. आपल्याकडे पंखा बंद करायचं जिवावर येतं, पण वाऱ्याने ज्योत कलली की ती बाजू वितळते, दुसरी गार राहते आणि काचेवर काजळी धरते. वात मधोमध नसेल तर मेणबत्ती विझवल्यावर, मेण पातळ असतानाच, चमच्याच्या दांड्याने सरळ करावी. लावण्याआधी वात साधारण 6 मिलिमीटर ठेवून कापावी. लांब वातीच्या टोकाला काजळीचा गोळा धरतो. फार आखूड कापली तर ती मेणात बुडून विझते.

खड्डा पडलाच असेल तर ॲल्युमिनियम फॉइल घ्या. ग्लासाच्या तोंडावर टोपीसारखी बसवा, मधे तीन-चार सेंटिमीटरचं भोक ठेवा. ज्योतीला हवा हवीच. वर निसटणारी थोडी उष्णता फॉइल अडवते आणि कडेवर परत टाकते. दहा-वीस मिनिटांत कड ढासळायला लागते. तेवढा वेळ जवळच थांबा आणि फॉइल चिमट्याने काढा, चांगलीच तापते. ज्योतच तग धरत नसेल तर विझवून हेअर ड्रायरने वरचं मेण वितळवा आणि जादा झालेलं टिश्यूने टिपून घ्या. सिंकमध्ये ओतलंत तर नळीत गोठून बसेल.

इतकं करूनही दर वेळी कड राहतेच? मग वातच ग्लासाच्या मानाने बारीक आहे. घरी मेणबत्त्या बनवणारे अशा वेळी एकदम जाड वात घालतात, ते मला पटत नाही. ज्योत खाली गेली की काचेच्या भिंती उष्णता धरून ठेवतात आणि वर राहिलेली पातळशी कड पुष्कळदा आपोआप वितळते. पहिल्याच तासात काठोकाठ वितळवणारी वात तळाशी पोचल्यावर काच वाजवीपेक्षा जास्त तापवते. रुंद भांड्याला एका जाड वातीपेक्षा दोन बारीक वाती बऱ्या. तळाशी सेंटिमीटरभर मेण उरलं की मात्र मेणबत्ती लावणं थांबवावं, नाहीतर काच तडकू शकते.